डोंगरातला लाँग रन आणि दोघांचा वेगळा पेस

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आम्ही दोघं नाशिकला इंदिरानगरला राहतो, माझं वय ३७ आणि नवऱ्याचं ३९. दोघंही पळतो आणि या सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१.१ किलोमीटर) नाव दिलंय, म्हणून रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, आता सपाटीवर न करता डोंगराकडे करायला लागलोय, अंजनेरीच्या पायथ्याच्या पायवाटा, त्र्यंबक रोडच्या आतल्या वाड्या असं. आठवडाभर आपापल्या वेळेला पळतो, रविवारी मात्र सासूबाई मुलीला सांभाळतात म्हणून तेवढाच वेळ दोघांना मिळतो. पण होतं काय की चढ आला की नवरा पुढे निघून जातो, वर टेकाडावर थांबून माझी वाट बघतो आणि मी धापा टाकत पोचले की लगेच म्हणतो चल निघू. म्हणजे त्याची विश्रांती झालेली असते, माझी कधीच होत नाही. मागच्या रविवारी उतारावर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली, मला रडू आलं, आणि त्याचं म्हणणं की तुझ्यासोबत हळू पळून माझं ट्रेनिंग वाया जातंय. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोललो नाही. सपाटीवर तो किलोमीटरला ६ मिनिटांनी पळतो, मी सव्वासात. लाँग रन एकत्र करावा की वेगवेगळा? मला डोंगरात पळायला मनापासून आवडतं हो, पण असंच चाललं तर मी सोडून देईन असं वाटतंय.
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, सोडू नका. आणि वेगळंही पळू नका, निदान रविवारी तरी नाही. एकत्रच पळा, फक्त चढावर तुम्ही पुढे आणि मिस्टर तुमच्या मागे. येत्या रविवारी एवढा एकच बदल करून बघा, बाकीचं नंतर.

आधी मिस्टरांच्या म्हणण्याचं बघू कारण खरी गाठ तिथे आहे. हळू पळून ट्रेनिंग वाया जातं असं खूप जणांना वाटतं, चांगले पळणारे लोकही असं बोलतात, पण लाँग रन ज्यासाठी करतात ते काम हळू पळतानाच होतं. दीड-दोन तास हृदय बेताच्या गतीने चालू राहिलं की ते एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले मायटोकाँड्रिया म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग वाढतात, शरीर साखर राखून चरबी जाळायला लागतं आणि पायातले टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर मजबूत होतात, जे सगळ्यात सावकाश होतं. यातल्या एकाही गोष्टीला धाप लागायची गरज नाही. उलट रविवारी चढावर जीव तोडून पळलं की मंगळवार-बुधवारचा जो खरा जोराचा वर्कआउट असतो तो अर्धवट होतो, कारण पाय अजून रविवारमधून बाहेरच आलेले नसतात. आणि नीट बघितलं तर तुमचे मिस्टर रविवारी लाँग रन करतच नाहीयेत, चढावर जोरात जायचं, वर उभं राहायचं, परत जोरात जायचं, परत उभं राहायचं, ह्याला इंटरव्हल म्हणतात. ते पण चांगलंच आहे, पण त्याला वेगळा दिवस आहे. त्यांना ताकद लावायचीच असेल तर आठवड्यात एकदा सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, म्हसरूळची चामर लेणी आहे, पेठ रोडने गेलं की आशेवाडीचा रामशेज आहे, तिथे हव्या तेवढ्या फेऱ्या माराव्यात, घड्याळ लावून माराव्यात, कोणी अडवलेलं नाही. रविवारी मात्र पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतकाच वेग. एकट्या पळणाऱ्याला ही कसोटी धड घेता येत नाही, तुम्हाला तर बोलायला शेजारी माणूस आहे.

बरं मग सहा आणि सव्वासातचं काय? सपाटीवर १८ किलोमीटरला हा फरक साडेबावीस मिनिटांचा होतो, तो मोठा आहे, आणि रस्त्यावर पळायचं असेल तर मी पण म्हणेन की प्रत्येक वेळी एकत्र पळायचा हट्ट नको. पण डोंगरात हा फरक कमी होतो, कारण खडा चढ आला की दोघांनीही चालायचंच असतं. मिस्टरांनीसुद्धा. चढ एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच वेगाने पळण्यापेक्षा भराभर चालायला कमी ताकद लागते आणि वर पोचायला वेळ साधारण तेवढाच लागतो, म्हणून तर मोठमोठ्या डोंगरी शर्यतींत पहिले येणारे लोकही खड्या चढावर हात मांड्यांवर टेकवून चालताना दिसतात. आणि भरभर चालण्यात तुम्हा दोघांमधला फरक पळण्याएवढा नसणार. म्हणून मला तर वाटतं की वेगळ्या पेसच्या, म्हणजे पळण्याच्या वेगळ्या वेगाच्या, नवरा-बायकोला रस्त्यापेक्षा डोंगरच सोयीचा आहे, फक्त चढ म्हणजे शर्यत हे डोक्यातून काढायला पाहिजे. लहान पावलं, कंबरेतून न वाकता जरासं पुढे झुकलेलं अंग, नजर चार-पाच पावलं पुढे, आणि श्वास तुटायला लागला की लगेच चालायला सुरुवात, पळत पळत थकून मग चालायचं नाही.

तुम्ही पुढे का, तर पुढचा माणूस वेग ठरवतो. मागून येणाऱ्याला सतत ओढल्यासारखं होतं, मी मागे राहिले मी मागे राहिले हेच डोक्यात चालू राहतं आणि त्या नादात तुम्ही तुमच्या वेगापेक्षा जास्त जोर लावता, म्हणून धाप लागते. पुढे असलात की तुमचा श्वास तुमच्या हातात. मिस्टरांनी मागून 'चल चल, थोडंच राहिलं' असं अजिबात म्हणायचं नाही, डोंगरात थोडंच कधीच राहिलेलं नसतं आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं. दुसरं काहीही बोलावं, मुलीच्या शाळेचं, गावच्या जमिनीचं, संध्याकाळी काय करायचं त्याचं.

आणि विश्रांतीचा नियम आजच ठरवून टाका, विश्रांतीची वेळ मोजायला सुरुवात मागचा माणूस पोचल्यावर. दोन मिनिटं म्हणजे तुम्ही पोचल्यापासून दोन मिनिटं. ह्यात तडजोड करू नका. मिस्टर कधी चुकून पुढे गेलेच तर त्यांनी वर उभं राहून गार व्हायचं नाही, वळून परत तुमच्यापर्यंत खाली यायचं आणि तुमच्यासोबत पुन्हा चढायचं. त्यांचा चढ जास्तीचा होतो, तुमची कोणी वाट बघत नाहीये असं तुम्हाला वाटतं, दोघांचं भलं.

महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांना आपल्या पेसने जायचं असेल तर तेही होऊ शकतं. ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने परत यायचं अशी वाट निवडा आणि किलोमीटरवर न वळता घड्याळावर वळा. सात वाजता एकत्र निघालात, आठ वाजता जिथे असाल तिथून दोघांनीही मागे फिरायचं. ते तुमच्यापुढे गेलेले असतील, पण परतताना तुम्ही पुढे आणि ते मागून येतायत असं होतं, आणि दोघांनी आपापला वेग राखला तर गाडीपाशी थोड्याफार फरकाने एकत्र पोचता. मला हा प्रकार फार आवडतो, कारण परतीच्या तासात मागे पडल्याची भावनाच राहत नाही. मात्र हे फक्त वर्दळीच्या, दोघांच्या ओळखीच्या वाटेवर, वाड्या-वस्त्या लागणाऱ्या रस्त्यावर. जंगलातल्या वाटेवर नाही.

तसंही डोंगरात किलोमीटर मोजणं सोडा, वेळ मोजा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला, ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे १०० मीटर चढ वाढला की १० मिनिटं वाढली. पळणाऱ्याला त्यापेक्षा कमी लागेल पण मुद्दा तोच, गंगापूर रोडवरचे १८ किलोमीटर आणि अंजनेरीच्या अंगाखांद्यावरचे १८ किलोमीटर हे एक नाहीत, आणि प्लॅनमध्ये १८ लिहिलंय म्हणून तीन-साडेतीन तास डोंगरात घालवले की पुढचा आख्खा आठवडा जातो. तुमच्या पेसने सपाटीवर हाफ मॅरेथॉनला २ तास ३३ मिनिटं लागतील, साताऱ्याला घाट आहे म्हणून त्याहून जास्त. मग लाँग रन पावणेदोन तासांपासून सुरू करा, दर रविवारी दहा-पंधरा मिनिटं वाढवा, चौथ्या रविवारी परत दीड तासावर या, आणि अडीच तासांच्या वर जायची गरज नाही. वेळ ठरलेली असली की सासूबाईंनाही सांगता येतं की आम्ही साडेदहापर्यंत घरी, ते पण महत्त्वाचं आहे, त्यांचा रविवार पण रविवारच आहे.

आता उतार, कारण तुमची नखं तिथे गेली. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि मग तोच उतरायचा असतो, म्हणजे दमलेल्या मांड्यांनी उतार. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असताना ब्रेक लावायचं काम करतो आणि त्यातून जे बारीक बारीक फाटतं त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. चांगली गोष्ट म्हणजे एकदा असा उतार केला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याला तयार राहतो, पुढच्या वेळी एवढं दुखत नाही. म्हणून ट्रेनिंगची वाट अशीच निवडा की आधी चढ आणि नंतर उतार, आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधी शेवटचा मोठा उतार करून टाका, त्यानंतर नाही. साताऱ्याचा रस्ता डांबरी आहे हेही लक्षात ठेवा, सगळे रविवार मुरमाच्या मऊ वाटेवर केले आणि थेट डांबरावर उतरलात तर पाय बोंबलतील, म्हणून दर दोन-तीन रविवारी एकदा डांबरी घाट घ्या. पहिनेकडचा रस्ता चढ-उताराचा आहे पण पावसाळ्यात रविवारी तिकडे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते, जायचं तर सकाळी लवकर जाऊन गर्दीच्या आत परत या.

उतरताना मागे रेलून टाचा रोवत उतरतो आपण, भीतीने होतं ते, पण त्याने घसरायला जास्त होतं आणि गुडघ्याला दणके बसतात. गुडघा थोडा वाकलेला, पावलं लहान आणि पटपट, हात बाजूला सैल. नखांचं म्हणाल तर बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला आपटतायत. बूट घालून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि बूट संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो. सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं ना, जे आपण कधी वापरत नाही, त्यातून लेस ओवून घोट्यापाशी घट्ट बांधली की टाच मागे बसते आणि पाय पुढे सरकत नाही. नखं शुक्रवारी कापा. आत्ताची काळी नखं ओढू नका, खाली नवीन येतं तशी ती आपोआप सुटतात, फार ठणकत असेल किंवा पू वाटला तर डॉक्टरांना दाखवा.

अजून एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही पण मी विचारते, पाणी कोणाच्या बॅगेत असतं? बहुतेक जोड्यांमध्ये सगळं नवऱ्याच्या पाठीवर असतं आणि नवरा पुढे. म्हणजे मागे राहिलेल्या बाईकडे पाणी नाही, फोन नाही, पैसे नाहीत. हे आजपासून बंद. दोघांचं पाणी वेगळं, फोन वेगळा, गळ्यात एकेक शिट्टी, खिशात शंभर-दोनशे रुपये. डोंगराच्या घळीत फोनला रेंज नसते, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठल्या जागी आणि किती वाजेपर्यंत थांबायचं हे गाडीतून उतरतानाच ठरवा. खायचं पण दोघांचं वेगळं. दीड तासाच्या वर पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आपल्याकडे तर बेदाण्याची कमी नाही, मूठभर बेदाणे म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, त्यात २३-२४ ग्रॅम कार्ब येतात, एका मध्यम केळ्यात साधारण २५. राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, खजूर, जे पोटाला सोसेल ते, पण भूक लागायची वाट न बघता पाऊण तासापासून थोडं थोडं. मला शंका आहे की मागच्या रविवारचं रडू अर्धं रिकाम्या पोटाचं होतं, दोन तासांनंतर साखर उतरली की माणूस असाच हळवा होतो आणि नवरा असाच तिरसट होतो. ओआरएस नेत असाल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबू नका. आणि घाबरून सारखं नुसतं पाणीही पिऊ नका, गरजेपेक्षा जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. तहानेप्रमाणे प्या, बास.

हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या. त्यांना वाईट वाटावं म्हणून नाही, ते वर थांबून तुमची वाट बघतात म्हणजे सोबत त्यांनाही हवीच आहे.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. बायको माझ्यापेक्षा बरीच फास्ट, मी ४४ चा. चढावर ती पुढे जाते आणि ग्रुपमधले लोक मला चिडवतात त्यामुळे मी सुरुवातीलाच जोर लावतो आणि शेवटी माझेच पाय भरून येतात, पोटऱ्यांत क्रॅम्प येतो. काय करू?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : दादा, वरचाच नियम, तुम्ही पुढे आणि त्या मागे. ज्या जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्यातून कविता राऊत निघाली आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, तिथे बायको पुढे पळते म्हणून चिडवणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं कारण नाही. उलट बायकोकडूनच शिका. मॅरेथॉनच्या निकालांचा अभ्यास झालाय त्यात सरासरीने बायका दुसऱ्या अर्ध्यात पुरुषांपेक्षा कमी ढेपाळतात, म्हणजे सुरुवातीला हात राखून पळतात. तुमचा क्रॅम्प बहुधा त्या पहिल्या अर्ध्या तासाच्या जोराचाच आहे, दमलेला स्नायू आखडतो. पहिली वीस मिनिटं इतकी हळू जा की लाज वाटेल. क्रॅम्प आला की थांबून पोटरी हळू ताणा, चोळत पळू नका. आणि आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एका पायावर.

प्रश्न : आम्ही दोघंच पहाटे पाचला निघतो, दिंडोरीच्या बाजूला शेतातल्या वाटा आहेत. घरचे म्हणतात बिबट्या आहे, जाऊ नका. शिवाय पाऊस सुरू झालाय. जावं का?
(एक वाचक, मखमलाबाद)

उत्तर : घरचे बरोबर सांगतायत. आपल्या जिल्ह्यात उसाच्या आणि मळ्यांच्या भागात बिबट्या आहे ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, आणि त्याची फिरायची वेळ संध्याकाळ ते पहाट. उजाडल्यावर निघा, एवढं केलं तरी निम्मी काळजी मिटते. पाचची सवय असेल तर ती एक-दीड तास पुढे ढकला, पावसाळ्यात ऊन फारसं नसतंच. उसाच्या कडेच्या वाटेने गप्पा मारत जा, कानात इअरफोन नको, दोघांमध्ये अंतर नको, आणि वाटेत बूट बांधायला किंवा लघवीला उसाच्या कडेला खाली बसू नका. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ताठ उभं राहून हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरकायचं. कुत्र्यांचंही तेच, वस्तीजवळ मेंढपाळांची किंवा मळ्यातली कुत्री अंगावर येतात ती पळणाऱ्याच्या मागे येतात, लांबून दिसली की चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्याने शांत होतात.

पावसात डोंगर बंद करा असं मी म्हणणार नाही, तेच तर दिवस आहेत, करवंदीच्या जाळ्या हिरव्या झालेल्या असतात आणि वाटेवर धूळ नसते. पण कातळावर शेवाळ आलं की कुठलाही महागडा बूट पकडत नाही, तिथे चालायचं, गरज पडली तर बसून उतरायचं. ओढा गुडघ्याच्या वर असेल, पाणी गढूळ होत असेल, तर पलीकडे गाडी उभी असली तरी ओलांडायचा नाही. इथे लख्ख उघडीप असते पण वर त्र्यंबकच्या डोंगरात कोसळत असतो आणि पाणी बघता बघता वाढतं. विजांचा गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून आणि एकट्या झाडाखालून बाजूला व्हा आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय परत वर जाऊ नका. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, तो पाय हलवू न देता सरळ १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना. दोघं असण्याचा इथे सगळ्यात मोठा उपयोग आहे, चावलेल्या माणसाला चालवत आणायचं नाही, दुसऱ्याने मदत आणायची. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसून नको नको करतात, तेव्हा घोट्यापर्यंतचे जाड मोजे घ्या.

प्रश्न : माझं वय ५८, मिसेसचं ५५. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आम्ही अनेक वर्षं चालत करतो. आता दोघांना थोडं पळावंसं वाटतंय. मला बीपीची गोळी चालू आहे, मिसेसचे गुडघे अधूनमधून दुखतात तेव्हा ती पेनकिलर घेऊन चालते. या वयात डोंगरात पळणं बरोबर आहे का?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : काका, २० किलोमीटरच्या आसपासची ती फेरी, रात्रीतून निघून, चिखलातून, इतकी वर्षं तुम्ही दोघं चालताय, म्हणजे तुमचा पाया पुष्कळ पळणाऱ्यांपेक्षा पक्का आहे. पळायला हरकत नाही, पण आधी दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन या. बीपी आहे म्हणून तुमचा ईसीजी आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट, आणि गोळी कुठली आहे ते दाखवून विचारा, कारण बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, अशा वेळी घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊन चालत नाही. तुम्हाला बोलता येतंय का तीच कसोटी. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, घेरी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, काकूंना सांगायचं, लपवायचं नाही.

काकूंची पेनकिलर मात्र बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. लांब चालताना-पळताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली की किडनीवर ताण येतो, शिवाय दुखणं झाकलं जातं आणि गुडघा आणखी बिघडतो. गोळी घेतल्याशिवाय चालता येत नसेल तर त्या दिवशी डोंगर नाही. आधी ऑर्थोपेडिकला दाखवून मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम सुरू करा, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, पायरी चढणं, आठवड्यातून दोन-तीनदा. वय वाढतं तसा स्नायू घटतो आणि तो परत मिळवायचा असेल तर असे वजन पेलणारे व्यायामच लागतात, नुसतं चालून होत नाही. पळणं सुरू करताना एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, सपाट मातीच्या वाटेवर, गंगापूर धरणाच्या बाजूला छान आहे. दोन-तीन महिन्यांनी हलक्या चढाकडे. काकूंनी उतार सगळा चालत उतरावा, दोन काठ्या घेऊन, काठीने गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. यंदाची फेरी नेहमीसारखी चालतच करा.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत लाँग रन करावा का? नवरा म्हणतो सोड, मला तर सोडावंसं वाटत नाही. आणि गेले दोन महिने फार दम लागतो, हिमोग्लोबिन तर १२ आहे.
(एक वाचक, सिडको)

उत्तर : वाटत असेल तर नक्की पळा, पळाल्याने काही बिघडत नाही, काही जणींचं पोट दुखायचंही कमी होतं. नको वाटलं तर त्या दिवशी वेळ कमी करा किंवा एक दिवस पुढे ढकला, आणि हे नवऱ्याला मोकळेपणाने सांगा म्हणजे त्याला चढावर अंदाज लावत बसावं लागणार नाही. दम लागतोय त्यासाठी फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो आणि पळणाऱ्या बायकांमध्ये हे खूप दिसतं. रिपोर्ट बघितल्याशिवाय मनाने गोळ्या सुरू करू नका. तोवर जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही, जेवणानंतर तास-दीड तासाने घ्या, आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा. एक गोष्ट मात्र कधीच दुर्लक्षू नका, पळणं वाढवल्यावर पाळी लांबायला लागली किंवा बंद झाली तर ते फिटनेसचं लक्षण नाही, खाणं कमी पडतंय, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. लगेच गायनॅककडे जा.

प्रश्न : लाँग रन झाल्यावर आमचा अख्खा ग्रुप मिसळ खातो. डाएटवाले नको म्हणतात. चालते का?
(एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : चालते. मटकीतून प्रोटीन, पावातून कार्ब, रश्श्यातून मीठ, दोन तास घाम गाळलेल्या माणसाला हेच तर हवं असतं. फक्त पळून आल्या आल्या रिकाम्या पोटी झणझणीत तर्री ओतू नका, आधी गाडीपाशीच पाणी आणि एखादं केळं, मग कोरडे कपडे, मग अर्ध्या-पाऊण तासाने मिसळ, तर्री बेताची आणि सोबत दही. ज्यांना ॲसिडिटी होते त्यांनी रस्सा सोडून नुसती उसळ-पाव-दही खावं.